अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेला पहिल्यांदाच जात आहे आणि वाट्याला पाकिस्तान आला आहे: नियम व शिष्टाचाराबद्दल मार्गदर्शन हवे

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार. मी साताऱ्यात अकरावी कला शाखेत शिकते. दहावीपर्यंतचे माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पुढच्या महिन्यात पुण्यात तीन दिवसांचे अभिरूप संयुक्त राष्ट्र अधिवेशन भरणार आहे, ज्यात विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करतात आणि ज्याला सगळेजण एमयूएन म्हणतात, आणि आमच्या महाविद्यालयातून पहिल्यांदाच पाच जणांना पाठवले जात आहे. आमच्यापैकी कोणीही असे अधिवेशन याआधी पाहिलेले नाही. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांत मी भाग घेतला आहे, पण तिथे विषय, बाजू आणि पाच मिनिटांची वेळ एवढेच सांभाळायचे असते. इथे आयोजकांनी पाठवलेल्या नियमपुस्तिकेत मोशन, पॉइंट, कॉकस, यील्ड असे शब्द पानोपानी आहेत. प्रत्येकाचा अर्थ दिलेला आहे, तरी प्रत्यक्ष सभागृहात कोणत्या क्षणी काय करायचे हे त्यावरून काही केल्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही.

मला आमसभेची पहिली समिती, म्हणजे निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेची समिती मिळाली आहे. विषय आहे अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या विखंडनक्षम पदार्थांच्या (म्हणजे संपृक्त युरेनियम, प्लुटोनियम यांच्या) उत्पादनावर बंदी घालणारा करार, आणि देश आहे पाकिस्तान. माझे वडील सैन्यात होते. आमच्या घरात, आणि खरे तर आमच्या सगळ्या गावातच, या देशाचे नाव कोणत्या संदर्भात घेतले जाते हे मी वेगळे सांगायला नको. काका म्हणाले की आयोजकांना कळवून देश बदलून घे. वडील काहीच बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्यामुळेच मी अधिक अवघडून गेले आहे. मी देश बदलून मागावा का? आणि नाही मागितला, तर मला जे पटत नाही ते मी प्रामाणिकपणे कसे मांडायचे? तीन दिवस मी खोटे बोलत आहे, असे मला वाटता कामा नये.

याशिवाय काही लहान शंका आहेत. सगळे कामकाज इंग्रजीत असते, आणि माझे लिखित इंग्रजी बरे असले तरी बोलताना मी अडखळते. पोशाख कसा असावा? चिठ्ठ्या पाठवण्याची पद्धत काय असते? कोणाचे भाषण चुकीच्या माहितीवर आधारलेले असेल, तर मध्ये उठून बोलता येते का? ज्यांनी अशा अधिवेशनांत भाग घेतला आहे किंवा ती चालवली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद: घड्याळकाटा

महाविद्यालयात असताना मी चार वर्षे प्रतिनिधी म्हणून आणि नंतर बऱ्याच वेळा अध्यक्षमंडळात बसलो आहे. देशाच्या प्रश्नावर माझ्यापेक्षा अधिक जाणकार लोक लिहितील, म्हणून मी सभागृहाच्या चालीपुरते लिहितो. आधी एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक आयोजकाचे नियम थोडे वेगळे असतात, आणि पुस्तिका व अध्यक्ष यांच्यात फरक पडला तर त्या सभागृहात अध्यक्षांचा शब्द अखेरचा असतो. त्यामुळे मी सांगतो ते सर्वसाधारण चित्र समजा.

सकाळी पहिल्यांदा हजेरी होते. तुमच्या देशाचे नाव पुकारले की फलक, म्हणजे प्लॅकार्ड, उंच करून 'प्रेझेंट' किंवा 'प्रेझेंट अँड व्होटिंग' यांपैकी एक म्हणायचे असते. नवखे प्रतिनिधी इथेच पहिली चूक करतात, कारण शेजाऱ्याने जे म्हटले तेच ते म्हणून टाकतात. 'प्रेझेंट अँड व्होटिंग' म्हणणाऱ्याला मसुदा ठरावावर मतदान होताना तटस्थ राहता येत नाही. त्याला बाजूने किंवा विरोधात मत द्यावेच लागते. आता तटस्थ राहणे म्हणजे पळ काढणे असा आपल्याकडे समज आहे, पण राजनयात तटस्थता ही एक विचारपूर्वक घेतलेली भूमिका असते. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनच्या प्रश्नावर आमसभेत मतदान झाले, तेव्हा १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ होते, आणि त्या ३५ मध्ये भारत होता. म्हणून हजेरीच्या वेळी काय म्हणायचे हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. (जाता जाता सांगतो: खऱ्या आमसभेच्या नियमांत 'उपस्थित आणि मतदान करणारे' या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. तिथे बाजूने किंवा विरोधात मत देणाऱ्यांचीच त्यात गणना होते आणि तटस्थ राहिलेल्यांना मोजणीतून वगळले जाते. हजेरीच्या वेळचे बंधन ही अभिरूप अधिवेशनांनी स्वतः घालून घेतलेली शिस्त आहे.)

त्यानंतर सर्वसाधारण वक्त्यांची यादी उघडते. या यादीत नाव आले की बहुधा ९० सेकंद मिळतात. इंग्रजीत सावकाश बोलल्यास तेवढ्या वेळात सुमारे २०० शब्द होतात, त्याहून अधिक लिहून नेऊ नका. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर सुमारे आठ तास भाषण केले होते हे खरे, पण तुमच्या अध्यक्षांच्या हातात घड्याळ असेल. वेळ उरली तर ती अध्यक्षांकडे परत करता येते, दुसऱ्या प्रतिनिधीला देता येते किंवा प्रश्न स्वीकारण्यासाठी वापरता येते. यालाच यील्ड म्हणतात. पहिल्या भाषणानंतर उरलेली वेळ प्रश्नांसाठी खुली ठेवा असा माझा आग्रह असतो. अभ्यास करून आलेल्या प्रतिनिधीला प्रश्नांची भीती नसते, आणि अध्यक्षांनाही ते दिसते.

एखाद्या उपविषयावर नेमकी चर्चा हवी असेल, तर मॉडरेटेड कॉकसचा, म्हणजे अध्यक्ष एकेकाला बोलायला सांगतात अशा छोट्या चर्चेचा प्रस्ताव मांडायचा असतो, आणि त्यात विषय, एकूण वेळ व प्रत्येक वक्त्याची वेळ या तिन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. उदाहरणार्थ, 'सध्याच्या साठ्यांचा प्रश्न, एकूण दहा मिनिटे, प्रत्येकी एक मिनिट.' यातली एक गोष्ट राहिली तरी प्रस्ताव बाद होऊ शकतो. अनमॉडरेटेड कॉकसमध्ये जागेवरून उठून गटागटाने बोलता येते, आणि ठरावांचे खरे काम तिथेच होते.

आता तुमच्या शेवटच्या शंकेबद्दल. भाषण चालू असताना मध्ये उठून 'हे चूक आहे' असे म्हणता येत नाही. आपल्या विधानसभेत ज्याला हरकतीचा मुद्दा म्हणतात तोच इथला पॉइंट ऑफ ऑर्डर, आणि तो कार्यपद्धतीचा भंग झाला असेल तरच घ्यायचा असतो. भारतातल्या बऱ्याच अधिवेशनांत वस्तुस्थितीतली ढोबळ चूक दाखवण्यासाठीही तो चालतो, पण तेव्हाही भाषण संपेपर्यंत थांबायचे आणि पुरावा हाताशी ठेवायचा. ऐकू येत नसेल, पंख्याचा आवाज होत असेल, बरे वाटत नसेल, तर पॉइंट ऑफ पर्सनल प्रिव्हिलेज. ऐकू न येण्याच्या कारणासाठी मात्र वक्त्याला मध्ये थांबवता येते. नियम कळला नसेल, तर पॉइंट ऑफ पार्लमेंटरी इन्क्वायरी. हा शेवटचा मुद्दा नवख्यांनी पहिल्या दिवशी कितीही वेळा वापरावा. मी अध्यक्षस्थानी असताना नियम विचारणाऱ्या कोणालाही कधी कमी लेखले नाही. उलट, नियम न कळताच तीन दिवस गप्प बसून राहिलेल्या मुलांचे मला आजही वाईट वाटते.

प्रतिसाद: मसुद्याची वही

देश बदलून मागू नका. हे मी आधी स्पष्ट सांगते आणि मग कारणे देते.

अभिरूप सभेतला प्रतिनिधी 'मला असे वाटते' हे सांगायला उभा राहत नाही. 'या देशाचे म्हणणे असे आहे' एवढेच तो सांगतो, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. वकील अशिलाची बाजू मांडतो तेव्हा तो खोटे बोलतो असे आपण म्हणत नाही. खोटे तेव्हा होईल, जेव्हा तुम्ही पाकिस्तानने कधीही न घेतलेली भूमिका त्याच्या तोंडी घालाल. दोन दिशांनी ही चूक होते. काही विद्यार्थी आपल्याला आवडेल असा पाकिस्तान रंगवतात आणि पहिल्याच भाषणात सगळे मान्य करून मोकळे होतात. काही जण त्याचे व्यंगचित्र करतात, धमक्या देतात, टेबल आपटतात आणि सभागृहाला हसवतात. मला दुसरा प्रकार अधिक खटकतो, कारण त्यात सगळ्या समितीचा वेळ जातो आणि विषयावर कोणी काही शिकत नाही. शिवाय समोर भारताच्या खुर्चीवर बसलेला विद्यार्थी मेहनत करून आलेला असतो, आणि त्याला खरा प्रतिवाद ऐकण्याचा हक्क आहे.

आता भूमिकेबद्दल. तुमचा विषय आणि तुमचा देश यांची जोडी विलक्षण आहे, कारण या कराराच्या कोंडीच्या मध्यभागी पाकिस्तानच आहे. जिनिव्हातील निःशस्त्रीकरण परिषदेत ६५ सदस्य आहेत आणि तिथे निर्णय सर्वसंमतीने होतात. १९९५ मध्ये कॅनडाचे राजदूत जेराल्ड शॅनन यांच्या अहवालाच्या आधारे या करारावर वाटाघाटी करण्याचे ठरले. मे २००९ मध्ये परिषदेने कामाचा कार्यक्रमही मंजूर केला, पण पाकिस्तानच्या आक्षेपामुळे तो प्रत्यक्षात आला नाही. त्याचे म्हणणे असे की बंदी फक्त पुढच्या उत्पादनावर आली, तर आज ज्याच्याकडे जितका साठा आहे तितका त्याच्याकडे कायमचा राहील, आणि भारताच्या तुलनेतली आपली कमतरता कराराने गोठवली जाईल. म्हणूनच तो देश या कराराच्या नावातून 'उत्पादन थांबवण्याचा' हा अर्थ काढून टाकतो आणि सरळ 'विखंडनक्षम पदार्थांचा करार' असे म्हणतो. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अण्वस्त्रप्रसारबंदी कराराबाहेर राहूनही नागरी अणुव्यापार करण्याची जी सवलत दिली, तिच्यामुळे भेदभाव वाढला, हाही त्याचा नेहमीचा मुद्दा आहे. २०१२ मध्ये आमसभेने या विषयावर तज्ज्ञगट नेमण्याचा ठराव केला, तेव्हा पाकिस्तानने विरोधात मत दिले होते.

हा युक्तिवाद तुम्हाला पटलाच पाहिजे असे नाही. मला स्वतःला तो अपुरा वाटतो, कारण साठ्यांचा प्रश्न वाटाघाटींच्या आत उपस्थित करता येईल अशी वाट शॅनन यांच्या अहवालाने मोकळी ठेवली होती. परंतु तो युक्तिवाद आहे, त्याला आतली संगती आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय भारताची बाजूही कोणाला नीट कळणार नाही. तुमच्या वडिलांना हे मान्य होईल असे मला वाटते. समोरच्याचा विचार कसा चालतो हे जाणून घेणे सैनिकाला परके नसते.

तयारी करताना मूळ कागदपत्रे वाचा. पाकिस्तानच्या जिनिव्हा आणि न्यूयॉर्क येथील स्थायी प्रतिनिधींची निवेदने उपलब्ध असतात. आपल्याकडच्या बहुतेक अधिवेशनांत संयुक्त राष्ट्रांचे दस्तऐवज, संबंधित सरकारची अधिकृत निवेदने आणि रॉयटर्ससारख्या वृत्तसंस्था पुरावा म्हणून ग्राह्य धरतात, विकिपीडिया धरत नाहीत. भारतातल्या वृत्तपत्रातला लेख पाकिस्तानच्या प्रतिनिधीने आपल्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे केला, तर समोरचा प्रतिनिधी तो सहज फेटाळील.

आणि कोणी तुमच्या देशाला अपमानास्पद बोललेच, तर उत्तराच्या हक्काची मागणी लेखी स्वरूपात अध्यक्षांकडे करता येते. खऱ्या आमसभेतही सर्वसाधारण चर्चेनंतर हा हक्क बजावला जातो, पहिल्यांदा दहा आणि दुसऱ्यांदा पाच मिनिटांसाठी, आणि बहुधा तरुण अधिकारी तो बजावतात. सप्टेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानच्या पंतप्रधानांच्या भाषणाला भारताच्या वतीने उत्तर दिले ते प्रथम सचिव स्नेहा दुबे यांनी. त्यांचे शालेय शिक्षण गोव्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले आहे. ते निवेदन जरूर पाहा, आणि त्यातला आवाज कोठेही चढत नाही याकडे विशेष लक्ष द्या.

प्रतिसाद: शाळेतल्या बाई

बाळ, मी गेली काही वर्षे आमच्या शाळेची मुले घेऊन अशा अधिवेशनांना जाते, म्हणून वरच्या दोघांनी न लिहिलेले तेवढे सांगते.

पोशाख औपचारिक असावा असे पुस्तिकेत असते आणि तेवढ्यावरून मुले नवा कोट शिवायला निघतात. त्याची काही आवश्यकता नाही. साधा स्वच्छ सलवार-कमीज, साडी किंवा शर्ट-पँट पुरते. काही ठिकाणी एका दिवसासाठी भारतीय पोशाखच ठेवलेला असतो. दिवसभर उठबस करायची असते, तेव्हा पादत्राणे सवयीचीच घाल.

चिठ्ठ्यांचे कागद बरोबर ने. चिठ्ठीवर 'कोणाकडून, कोणाला' एवढे देशाच्या नावाने लिहायचे, आणि मुद्द्याची चिठ्ठी असेल तर 'अध्यक्षमंडळामार्फत' असे वर लिहायचे, म्हणजे ती त्यांच्या नजरेखालून जाते आणि तिचे गुणही मिळतात. चिठ्ठीतून थट्टा, फोन नंबर मागणे, कोणाच्या दिसण्याबद्दल लिहिणे हे प्रकार घडतात. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीला एका अधिवेशनात अशा चिठ्ठ्या दोन दिवस येत राहिल्या, आणि आपण तक्रार केली तर आपले गुण जातील या भीतीने ती गप्प राहिली. मला शेवटच्या दिवशी कळले, आणि तिला हे आधीच सांगून ठेवायला हवे होते याची खंत मला अजून आहे. म्हणून तुला आधीच सांगते: पहिली चिठ्ठी आली की ती जपून ठेव, अध्यक्षमंडळाला दाखव, आणि तिथे दाद लागली नाही तर आयोजकांना व तुमच्या बरोबरच्या शिक्षकांना सांग. अशी तक्रार करणे शिष्टाचाराला धरूनच आहे.

अनमॉडरेटेड कॉकसमध्ये मोठ्या शहरांतल्या शाळांची अनुभवी मुले मध्ये लॅपटॉप ठेवून गोल करून उभी राहतात आणि मागच्यांना काही दिसत नाही. तिथे ढकलाढकली करू नकोस आणि मागेही राहू नकोस. कागदावर एक कलम स्वच्छ अक्षरात लिहून ने आणि 'हे कलम तुमच्या मसुद्यात बसेल का?' असे विचार. हातात तयार वाक्य घेऊन आलेल्या माणसाला सहसा जागा मिळते. गटात कोणी एकटे, बाहेर उभे असेल, तर त्यालाही बोलाव. मतांसाठी ते उपयोगी पडतेच, पण त्यासाठी म्हणून करू नकोस.

इंग्रजीची भीती धरू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत, आणि तिथले कितीतरी प्रतिनिधी आपल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेत बोलत असतात. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना अटलबिहारी वाजपेयी आमसभेत हिंदीत बोलले. ही मुभा नियमांतच आहे, फक्त भाषांतराची सोय बोलणाऱ्या देशाने करायची असते. तुला तिथे इंग्रजीतच बोलावे लागेल, पण लहान वाक्ये बोल, आणि अडलीस तर एक श्वास घेऊन वाक्य पुन्हा सुरू कर. उच्चारांना गुण नसतात.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

आपण सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी देश बदलून मागणार नाही असे ठरवले आहे. 'मसुद्याची वही' यांचा प्रतिसाद मी घरी वाचून दाखवला. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "जुना साठा करारात घ्यायचा म्हणतात, पण तो मोजणार कोण?" मला उत्तर देता आले नाही.

आणखी दोन शंका आहेत. मसुदा ठराव घरून लिहून नेता येतो का? आमच्यातल्या एकाने संगणकाकडून संपूर्ण ठराव लिहवून घेतला आहे. आणि दुसरी, पाकिस्तान आणि भारत एकाच मसुद्याचे सहप्रस्तावक होऊ शकतात का, की ते विसंगत दिसेल?

प्रतिसाद: घड्याळकाटा

संपूर्ण ठराव घरून आणणे बहुतेक ठिकाणी नियमबाह्य आहे, मग तो स्वतः लिहिलेला असो वा यंत्राने. यामागचे कारण तुमच्या मित्राला समजावून सांगा. ठराव हा तीन दिवसांच्या बोलण्याचा परिपाक असतो, आणि तयार ठराव खिशात असलेला माणूस दुसऱ्यांचे ऐकतच नाही. माझ्या समितीत एका गटाने पहिल्याच सत्रानंतर पंधरा कलमांचा सुबक मसुदा सादर केला होता. त्यातल्या चौथ्या कलमाचा अर्थ काय असे विचारल्यावर चार प्रस्तावकांपैकी एकालाही तो सांगता आला नाही, आणि तो मसुदा आम्ही परत केला. टिपणे, आकडे, सुटी कलमे जरूर न्या.

शब्दांच्या बाबतीत एक पथ्य पाळा. तुमची समिती आमसभेची आहे, आणि आमसभा सदस्य देशांना शिफारस करते. निर्बंध लादणे, सैन्य पाठवणे हे अधिकार सनदेच्या सातव्या प्रकरणानुसार सुरक्षा परिषदेचे आहेत. त्यामुळे 'आवाहन करते', 'शिफारस करते', 'प्रोत्साहन देते' ही क्रियापदे तुमची. दरवर्षी कोणीतरी पहिल्या समितीत शांतिसेना पाठवण्याचे कलम लिहून आणते.

प्रतिसाद: मसुद्याची वही

सहप्रस्तावक होण्याबद्दल. प्रस्तावक म्हणजे मसुद्यातला शब्दन् शब्द ज्याला मान्य आहे तो, आणि स्वाक्षरीकर्ता म्हणजे या मसुद्यावर चर्चा व्हावी एवढेच ज्याला वाटते तो. स्वाक्षरी केली म्हणून मत द्यावे लागत नाही. तुम्ही भारताच्या मसुद्यावर स्वाक्षरी करून विरोधात मत दिलेत, तरी त्यात काही गैर नाही. प्रस्तावक होताना मात्र साठ्यांचा उल्लेख त्यात आहे का, हे पाहा.

दोन्ही देशांना मान्य होईल असे एक क्षेत्र खरोखर आहे. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरही ही प्रथा खंडित झाली नाही. अशा परस्परविश्वासाच्या उपायांची अन्य देशांनाही शिफारस करणारे कलम तुम्ही भारताच्या प्रतिनिधीबरोबर बसून लिहिलेत, तर दोघांच्याही भूमिकेला धक्का लागणार नाही.

आणि दुरुस्त्यांना कमी समजू नका. अनेकांना वाटते की स्वतःचा मसुदा नसला म्हणजे आपण काही केले नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा इंग्रजी शब्दप्रयोग होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला म्हणून तिथे 'सर्व मानव' आले. १० डिसेंबर १९४८ रोजी तो जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, ८ देश तटस्थ राहिले. ग्लासगोच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने 'बंद करणे' या ठिकाणी टप्प्याटप्प्याने 'कमी करणे' हे शब्द भारताच्या सूचनेवरून अगदी अखेरच्या क्षणी आले. तो बदल योग्य होता का, यावर आजही मतभेद आहेत, पण एका क्रियापदासाठी देश रात्र रात्र का जागतात हे त्यावरून कळेल. मूळ प्रस्तावकांना मान्य असलेली दुरुस्ती मतदानाशिवाय मसुद्यात जाते, मान्य नसलेलीवर मतदान होते. म्हणून दुरुस्ती सभागृहात मांडण्याआधी प्रस्तावकांकडे जाऊन ती दाखवणे, हा साधा शिष्टाचार आहे आणि त्यात शहाणपणही आहे.

एक मतभेदही नोंदवते. काही अध्यक्ष 'मी' म्हटल्याबरोबर प्रतिनिधीला थांबवतात आणि 'पाकिस्तानचे प्रतिनिधी असे म्हणतात' हीच वाक्यरचना हवी असा हट्ट धरतात. खरे राजदूत 'माझे शिष्टमंडळ' आणि 'मी' हे दोन्ही शब्द वापरतात. तुमच्या अध्यक्षांचा नियम असेल तर तो पाळा. पण बोलण्याच्या ओघात चुकून 'मी' आला म्हणून घाबरून थांबू नका.

आता तुमच्या वडिलांचा प्रश्न, जो या सगळ्या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ पासून काम करते आणि तिच्याकडे मोजमापाचे तंत्र आहे. परंतु भारत किंवा पाकिस्तान यांच्या लष्करी साठ्यांवर तिची देखरेख नाही, कारण दोन्ही देश अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या बाहेर आहेत. पूर्वी झालेले उत्पादन नंतर मोजता येते का, याचे एक उदाहरण मात्र आहे. दक्षिण आफ्रिकेने जुलै १९९१ मध्ये त्या करारात प्रवेश केला, आणि आपण सहा अण्वस्त्रे बनवून नंतर ती मोडली असे मार्च १९९३ मध्ये जाहीर केले. तेव्हा या संस्थेच्या निरीक्षकांनी तिथल्या जुन्या प्रकल्पांच्या दैनंदिन नोंदवह्या तपासून, किती पदार्थ तयार झाला असावा याचा हिशेब जुळवून पाहिला. तो जुळवता आला, कारण त्या देशाने स्वतःहून दारे उघडली होती. सर्वसाधारण वक्त्यांच्या यादीतले तुमचे पहिले भाषण इथून सुरू करता येईल. आणि भारताचा प्रतिनिधी तयारीचा असेल, तर त्याचा पहिला प्रश्न हा असेल की पाकिस्तान स्वतःच्या नोंदवह्या दाखवायला तयार आहे का. त्याचे उत्तर लिहून ठेवा.